निवड वाचकाच्या हाती : वेब फीडची ओळख

आवडीच्या संकेतस्थळावर नवा मजकूर आला की तो वेळेवर कळावा आणि तेवढ्यासाठी रोज तेथे चक्कर मारावी लागू नये, ही इंटरनेटवर नियमाने वाचन करणाऱ्या प्रत्येकाची गरज आहे. दैनिक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाबाबत ती फारशी जाणवत नाही, कारण तेथे केव्हाही गेले तरी काहीतरी नवे असतेच. परंतु शिलालेखांचा अभ्यासक, पक्षिनिरीक्षक, जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्राहक किंवा विज्ञानावर लिहिणारा प्राध्यापक जेव्हा स्वतःचे संकेतस्थळ चालवतो, तेव्हा त्यावर वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा लेख येतात आणि पुढचा लेख कोणत्या दिवशी येईल हे बहुधा लेखकालाही ठाऊक नसते. अशा ठिकाणी वाचक दोन-चार वेळा जाऊन रिकाम्या हाताने परततो, हळूहळू जाणे विसरतो आणि वर्षभराने पुन्हा आठवण होते तेव्हा मधले सगळे लेख त्याच्या नजरेतून निसटलेले असतात. त्या लेखकाचे समाजमाध्यमांवर खाते असले तरी त्याची नोंद वाचकापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते, कारण कोणाला काय दाखवायचे हे तेथे त्या माध्यमाची गणिती पद्धत, म्हणजेच अल्गोरिदम, ठरवते आणि ज्या मजकुरावर लोक अधिक वेळ रेंगाळतात त्याला ती झुकते माप देते.

या अडचणीवरचा उपाय गेल्या पाव शतकापासून उपलब्ध आहे. तो वापरण्यासाठी फी भरावी लागत नाही, प्रत्येक संकेतस्थळावर खाते उघडावे लागत नाही आणि स्वतःचा ई-मेल पत्ताही कोणाला द्यावा लागत नाही. वेब फीड या नावाने ओळखली जाणारी ही सोय असंख्य संकेतस्थळांवर आजही चालू आहे. मात्र ब्राउझरच्या दर्शनी भागातून तिची खूण नाहीशी झाल्यामुळे नव्या वाचकांना तिचा पत्ता लागत नाही.

फीड आणि फीड रीडर

वेब फीड म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ताज्या मजकुराची तयार करून ठेवलेली, ठरावीक रचनेची यादी होय. वाचनालयाच्या दारातील फलकावर नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची नावे लावलेली असावीत, तशी ही यादी संकेतस्थळाच्या एका कायम पत्त्यावर असते. ती कोणीही येऊन वाचावी, वाचणाऱ्याने आपले नाव-गाव सांगण्याची गरज नसते. नवा लेख प्रसिद्ध झाला की संकेतस्थळ चालवणारी प्रणाली आपोआप त्याची नोंद यादीच्या शिरोभागी करते आणि सर्वांत जुनी नोंद तळातून काढून टाकते. संपादकाला किंवा लेखकाला त्यासाठी वेगळे काम करावे लागत नाही.

ही यादी माणसाने थेट वाचण्यासाठी बनवलेली नसते. ती वाचणारा प्रोग्रॅम वेगळा असतो आणि त्याला फीड रीडर म्हणतात. वाचक आपल्या आवडीच्या संकेतस्थळांच्या फीडचे पत्ते या रीडरमध्ये एकदाच नोंदवतो. त्यानंतर रीडर ठरावीक अंतराने त्या सर्व पत्त्यांवर जाऊन नव्या नोंदी घेऊन येतो आणि एकाच पडद्यावर, सामान्यतः काळाच्या क्रमाने, मांडतो. वाचलेली नोंद फिकी होते किंवा यादीतून बाजूला होते, न वाचलेली तशीच राहते. वाचक पंधरा दिवस परगावी असला तरी परतल्यावर त्याच्या आवडीच्या लेखकांनी मधल्या काळात काय लिहिले ते एका जागी सापडते.

नोंदीच्या आत काय असते

फीडची फाइल बहुतेक वेळा एक्सएमएल या पद्धतीने लिहिलेली असते. मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आधी व नंतर खुणा लावून तो भाग काय आहे हे यंत्राला सांगण्याची ही पद्धत असून, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने ती फेब्रुवारी १९९८ मध्ये मान्य केली. या खुणांना टॅग म्हणतात. आरएसएस या सर्वाधिक प्रचलित रचनेत संपूर्ण फीडला ‘चॅनेल’ आणि त्यातील एकेका नोंदीला ‘आयटम’ असे नाव आहे. चॅनेलच्या आरंभी संकेतस्थळाचे नाव, त्याचा पत्ता आणि थोडक्यात परिचय असतो. त्याखाली एकामागोमाग एक आयटम येतात.

एखादा आयटम उलगडून पाहिला तर त्यात सहसा पाच गोष्टी आढळतात. पहिला लेखाचा मथळा, दुसरा लेखाच्या मूळ पानाचा दुवा आणि तिसरे वर्णन, ज्यात कधी दोन ओळींचा गोषवारा असतो तर कधी पूर्ण लेखच दिलेला असतो. चौथी गोष्ट प्रसिद्धीची वेळ, जी वार, दिनांक, तास आणि मिनिटांसह लिहिलेली असते; भारतातून प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या वेळेपुढे ‘+०५३०’ असे लिहिलेले दिसले, तर ती ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढची वेळ आहे असा त्याचा अर्थ होतो आणि त्यावरून वाचक जगात कोठेही असला तरी रीडर त्याच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे क्रम लावू शकतो. पाचवी गोष्ट म्हणजे नोंदीचा कायमचा ओळख-क्रमांक. वरवर निरुपयोगी वाटणारी ही ओळ फार मोलाची असते, कारण लेखकाने दुसऱ्या दिवशी मथळ्यातील शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली तरी ओळख-क्रमांक तोच राहतो आणि जुनाच लेख नवा म्हणून वाचकापुढे दुसऱ्यांदा येत नाही.

रीडर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण

एका फीडचे वाचक हजारोंच्या संख्येने असू शकतात आणि प्रत्येकाचा रीडर तासातासाला चौकशी करू लागला तर संकेतस्थळाच्या सर्व्हरवर, म्हणजे मजकूर साठवून तो मागेल त्याला देणाऱ्या संगणकावर, नाहक भार पडेल. हा भार टाळण्याची सोय वेबच्या मूळ नियमांतच आहे. रीडर पहिल्यांदा फीड मागतो तेव्हा सर्व्हर फाइलबरोबर तिच्या त्या आवृत्तीची एक खूणचिठ्ठी पाठवतो, जिला ईटॅग म्हणतात. पुढच्या वेळी रीडर तीच खूणचिठ्ठी परत दाखवून विचारतो की, या आवृत्तीनंतर काही बदलले असेल तरच फाइल पाठवावी. काही बदललेले नसेल तर सर्व्हर ३०४ या सांकेतिक क्रमांकाचे अगदी छोटे उत्तर देतो, ज्याचा अर्थ ‘बदल नाही’ असा असतो, आणि फाइल मुळीच पाठवत नाही. वर्षाला आठ लेख येणाऱ्या संकेतस्थळाच्या बाबतीत जवळजवळ सगळी चौकशी अशा ३०४ उत्तरांतच आटोपते. चौकशीची गरजच उरू नये म्हणून वेबसब नावाची आणखी एक पद्धत आखली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिला वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. तिच्यात नवा मजकूर आला की संकेतस्थळ एका मध्यस्थ केंद्राला कळवते आणि ते केंद्र तेथे नोंद केलेल्या रीडरना लगोलग वर्दी देते.

या कार्यपद्धतीतून एक व्यावहारिक बाब निघते. फीडमध्ये संकेतस्थळाचा सगळा इतिहास नसतो, शेवटच्या काही नोंदीच असतात. वर्डप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत मुळात ही संख्या दहा ठरवलेली असते, तर यूट्यूबच्या वाहिनीच्या फीडमध्ये शेवटच्या पंधरा चित्रफितींच्या नोंदी मिळतात. म्हणून केवळ स्वतःच्या संगणकावर चालणारा रीडर महिनाभर बंद राहिला आणि त्या काळात वर्डप्रेसवरील एखाद्या ठिकाणी तीस लेख आले, तर त्यातील वीस लेखांच्या नोंदी यादीच्या तळातून गळून पडलेल्या असतात. इंटरनेटवरील सेवेच्या रूपात चालणारा रीडर सतत चौकशी करत राहून नोंदी साठवतो, त्यामुळे त्याच्यात ही त्रुटी राहत नाही.

रचनेचा इतिहास

आरएसएसचा उगम नेटस्केप या अमेरिकन कंपनीत झाला. ‘माय नेटस्केप’ या तिच्या प्रवेश-पानावर वाचकाला वेगवेगळ्या संकेतस्थळांचे मथळे स्वतःच्या आवडीनुसार मांडता यावेत, यासाठी मार्च १९९९ मध्ये आरएसएसची ०.९० ही आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली. ती तयार करणाऱ्यांत डॅन लिबी यांच्याबरोबर मद्रासच्या आयआयटीचे पदवीधर रामनाथन गुहा होते. वेबवरील मजकुराविषयीची माहिती यंत्राला समजेल अशी कशी लिहावी, हा गुहा यांच्या कामाचा विषय त्याआधी अ‍ॅपल कंपनीत असल्यापासूनचा होता. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लिबी यांनी रचना सोपी करून ०.९१ ही आवृत्ती काढली. परंतु नेटस्केप तोवर एओएल या कंपनीच्या ताब्यात गेली होती आणि पुढे या कामातील तिचे लक्ष उडाले.

मूळ कंपनीने हात काढून घेतल्यावर हे काम दोन दिशांनी पुढे सरकले. गुहा यांचा समावेश असलेल्या एका गटाने डिसेंबर २००० मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या कर्त्यांमध्ये पुढे माहितीच्या मुक्ततेसाठी झगडणारा कार्यकर्ता म्हणून जगाला परिचित झालेला आरन स्वार्ट्झ हा त्या वेळी अवघ्या चौदा वर्षांचा मुलगाही होता. दुसरीकडे युजरलँड या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक डेव्ह वायनर यांनी सोप्या रचनेचीच कास धरली आणि सप्टेंबर २००२ मध्ये २.० ही आवृत्ती आणली. क्रमांकांवरून दुसरी पहिलीची सुधारणा वाटली तरी या दोन भिन्न वंशाच्या रचना आहेत आणि यांपैकी वायनर यांची रचना अधिक रुजली. तिच्या आरएसएस या आद्याक्षरांचा अर्थ ‘खरोखरच सोपे वितरण’ असा सांगितला गेला. वायनर यांच्या बाजूने २००३ मध्ये या रचनेचे वर्णन हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राच्या स्वाधीन करण्यात आले आणि ते कोणीही वापरावे अशा मुक्त परवान्याखाली आले. रचनेत यापुढे मूलभूत बदल करायचा नाही, असेही त्या वर्णनात नमूद झाले. वीस वर्षांपूर्वी लिहिलेला रीडर आजची फीड वाचू शकतो, त्याचे मोठे श्रेय या स्थैर्याला आहे.

सोपेपणाला संदिग्धतेची किनार होती. वर्णनाच्या जागी गोषवारा द्यावा की पूर्ण लेख, आणि त्यात मांडणीच्या खुणा कशा लिहाव्यात, हे आरएसएसमध्ये काटेकोरपणे सांगितलेले नव्हते. या त्रुटी दूर करण्यासाठी सॅम रूबी यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये अ‍ॅटम नावाच्या नव्या रचनेचे काम सुरू झाले. इंटरनेटचे तांत्रिक मानदंड घडवणाऱ्या आयईटीएफ या मंडळाने डिसेंबर २००५ मध्ये ती आरएफसी ४२८७ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. अ‍ॅटममध्ये गोषवारा आणि पूर्ण मजकूर यांना स्वतंत्र जागा असून ओळख-क्रमांक आणि शेवटच्या बदलाची वेळ प्रत्येक नोंदीला सक्तीची आहे. मे २०१७ मध्ये ब्रेंट सिमन्स आणि मँटन रीस यांनी जेसन फीड ही आणखी एक रचना सुचवली. सर्वसामान्य वाचकाला या भेदांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण आजचे बहुतेक रीडर या सर्व रचना ओळखतात.

पॉडकास्टचा पाया

ज्यांनी फीड हा शब्दही ऐकलेला नाही असे लक्षावधी लोक रोज तिचा वापर करतात, तो पॉडकास्टच्या रूपाने. वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये आरएसएसच्या ०.९२ या आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ नावाचा एक टॅग घातला, ज्यात ध्वनिफितीचा पत्ता, तिचा आकार आणि तिचा प्रकार या तीन गोष्टी नमूद करता येतात. लेखाच्या नोंदीला पाकिटातील चिठ्ठीसोबतच्या जोडपत्राप्रमाणे ध्वनिफीत जोडता आल्याने रीडर ती आपोआप उतरवून घेऊ शकला. दूरचित्रवाणीवरील निवेदक अ‍ॅडम करी यांनी ही कल्पना उचलून धरली, आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्स प्रोग्रॅममध्ये पॉडकास्टची सोय केल्यावर ती घरोघर पोहोचली. मुलाखत, कथावाचन किंवा इतिहासकथन असा एखादा मराठी पॉडकास्ट श्रोता अ‍ॅपल पॉडकास्ट्ससारख्या अ‍ॅपमध्ये ऐकतो, तेव्हा नवा भाग आल्याची वर्दी त्या अ‍ॅपला निर्मात्याच्या आरएसएस फीडमधूनच मिळालेली असते. म्हणूनच एकच पॉडकास्ट अनेक अ‍ॅपमध्ये ऐकता येतो आणि एखादे अ‍ॅप सोडल्याने श्रोत्याला कार्यक्रम सोडावा लागत नाही.

एका सेवेचा अस्त आणि त्याचा धडा

इ. स. २००५ च्या सुमारास फीडला सुगीचे दिवस आले होते. नारिंगी चौकोनात एक ठिपका आणि त्यातून पसरणाऱ्या दोन कमानी, ही फायरफॉक्स ब्राउझरसाठी तयार झालेली खूण त्या वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेही स्वीकारली आणि ती फीडची जागतिक ओळख ठरली. ७ ऑक्टोबर २००५ रोजी गूगलने ‘गूगल रीडर’ ही विनामूल्य सेवा सुरू केली, जी लवकरच या क्षेत्रात सर्वांत प्रबळ झाली. मोबाइल फोनवरील अनेक रीडर अ‍ॅप स्वतः फीड गोळा करण्याऐवजी गूगलच्याच साठ्यावर विसंबू लागले. मार्च २०१३ मध्ये गूगलने वापर घटल्याचे कारण देऊन ही सेवा बंद करण्याची घोषणा केली आणि १ जुलै २०१३ रोजी ती बंद झाली. त्याच वर्षी ट्विटरने आपल्या फीड काढून टाकल्या, तर डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही ६४ व्या आवृत्तीपासून फीड दाखवण्याची अंगभूत सोय मागे घेतली. नारिंगी खूण पत्त्याच्या पट्टीतून त्याआधीच दिसेनाशी झाली होती आणि फीडचा अंत झाल्याची हाकाटी झाली.

प्रत्यक्षात बंद झाला होता तो एक रीडर. फीड देणारी संकेतस्थळे आपापल्या जागी होती आणि त्यांच्या फाइली पूर्वीसारख्याच अद्ययावत होत होत्या. वाचकांनी जमवलेल्या संकेतस्थळांच्या याद्याही बचावल्या, कारण ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये त्या उतरवून घेता येत होत्या. फीडच्या पत्त्यांची संपूर्ण यादी एका छोट्या फाइलमध्ये नेण्या-आणण्याची ही पद्धत जवळजवळ सगळ्या रीडरमध्ये असते. असंख्य वाचकांनी गूगलमधून ती फाइल काढली, फीडली, न्यूजब्लर किंवा अन्य सेवेत भरली आणि त्यांचे वाचन पुढे चालू राहिले. समाजमाध्यमावरील खाते बंद झाले तर तेथे वर्षानुवर्षे जमवलेल्या लेखकांची यादी अन्यत्र जशीच्या तशी नेता येत नाही. फीडची रचना कोणा एका कंपनीच्या मालकीची नसल्यामुळे येथे मात्र मध्यस्थ बुडाला तरी लेखक आणि वाचक यांचा संबंध तुटला नाही. फीडच्या बाजूने करता येईल असा याहून सबळ युक्तिवाद नाही.

मराठी मजकूर आणि फीड

मराठीपुरते पाहता फीडचा उपयोग युनिकोडच्या प्रसाराशी निगडित आहे. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धती. इ. स. २००० च्या आसपास अनेक मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे युनिकोडऐवजी स्वतःच्या खास फॉन्टवर चालत. म्हणजे संगणकात साठवलेली अक्षरे वस्तुतः रोमन लिपीच्या क्रमांकांची असत आणि तो विशिष्ट फॉन्ट असला तरच ती देवनागरी दिसत. असा मजकूर फीडमधून बाहेर पडला असता तर रीडरमध्ये निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटली असती. युनिकोडमुळे ही आडकाठी दूर झाली, आणि एक्सएमएल तर मुळातच युनिकोडवर उभे असल्याने मथळ्यापासून मजकुरापर्यंत सर्व देवनागरी फीडमध्ये निर्वेध वाहू लागले. त्यातून वाचकाला आणखी एक लाभ झाला. अक्षरांचे वळण आणि आकार रीडर ठरवतो, त्यामुळे काही संकेतस्थळांवर डोळ्यांना त्रास देणारी बारीक अक्षरे आणि मजकुरावर येऊन बसणाऱ्या जाहिराती यांच्यापासून सुटका होऊन सगळे मराठी वाचन एकाच सुबक, मोठ्या अक्षरांत करता येते. दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठ वाचकांसाठी ही सोय लहानसहान नाही.

मराठीत फीडने काय काय वाचता येते, याची व्याप्तीही बरीच आहे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर या प्रणालींवर चालणाऱ्या मराठी संकेतस्थळांना मुळातच फीड असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ‘अलीकडील बदल’ या पानाची आणि प्रत्येक लेखाच्या इतिहासाची अ‍ॅटम फीड मिळते, ज्यामुळे आपल्या गावावरील लेखात कोणी काय फेरफार केला यावर जाणकाराला लक्ष ठेवता येते. भारतीय रिझर्व्ह बँक आपल्या अधिसूचना आणि प्रसिद्धिपत्रके फीडद्वारे देते, तसेच केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालयही. सहकारी बँकेतील अधिकारी, करसल्लागार किंवा पत्रकार यांना मूळ दस्तऐवज मध्यस्थाविना मिळण्याचा हा भरवशाचा मार्ग आहे. वैद्यकीय शोधनिबंधांच्या पबमेड या सूचीत केलेल्या कोणत्याही शोधाची फीड करून घेता येते, त्यामुळे एखाद्या आजारावर नवा निबंध नोंदला गेला की तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरलाही तो मुंबई-पुण्यातील डॉक्टरइतक्याच लवकर कळतो.

सुरुवात कशी करावी

पहिले काम रीडर निवडण्याचे. इंटरनेटवरील सेवा हवी असेल तर फीडली आणि इनोरीडर यांचे विनामूल्य प्रकार नवशिक्याला पुरेसे पडतात आणि तेच खाते संगणकावर व फोनवर दोन्हीकडे चालते. खाते उघडायचे नसेल तर अँड्रॉइड फोनवर फीडर, अ‍ॅपलच्या उपकरणांवर नेटन्यूजवायर आणि विंडोज किंवा लिनक्स संगणकावर थंडरबर्ड हे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. विवाल्डी ब्राउझरमध्ये तर रीडर अंगभूतच आहे. तांत्रिक हौस असलेल्यांना फ्रेशआरएसएस किंवा मिनीफ्लक्स हे मुक्त प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर बसवून सेवाही स्वतःच्याच हाती ठेवता येते.

दुसरे काम फीडचा पत्ता शोधण्याचे, आणि ते वाटते त्याहून सोपे आहे. संकेतस्थळाच्या पानाच्या आतील, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात फीडचा पत्ता लिहून ठेवण्याचा प्रघात असल्यामुळे बहुतेक रीडरमध्ये संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता टाकला तरी रीडर स्वतःच फीड शोधून काढतो. ते साधले नाही तर वर्डप्रेसवरील संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन रोमन लिपीत ‘फीड’ हा शब्द जोडून पाहावा. वर्डप्रेसमध्ये हीच युक्ती एखाद्या विषय-विभागाच्या किंवा लेखकाच्या पानालाही लागू पडते. म्हणजे एखाद्या मोठ्या संकेतस्थळावरील केवळ ग्रंथपरीक्षणे किंवा केवळ एका स्तंभलेखकाचे लेखन तेवढे निवडून घेता येते आणि बाकीचा पसारा बाहेर ठेवता येतो.

तिसरे काम यादीला शिस्त लावण्याचे. पहिल्याच दिवशी पन्नास फीड भरणाऱ्याच्या रीडरमध्ये आठवडाभरात न वाचलेल्या नोंदींचा ढीग साचतो आणि तो पाहूनच उत्साह मावळतो. त्यासाठी क्वचित लिहिणाऱ्या, पण ज्यांचा प्रत्येक लेख वाचावासा वाटतो अशा आठ-दहा ठिकाणांपासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरते. दिवसाला शेकडो बातम्या देणाऱ्या वृत्तस्थळाची संपूर्ण फीड घेणे टाळावे, घ्यायचीच झाली तर तिला वेगळ्या कप्प्यात ठेवावे. दर काही महिन्यांनी ज्या फीडकडे लक्ष जात नाही ती काढून टाकावी आणि यादीची ओपीएमएल फाइल उतरवून जपून ठेवावी.

मर्यादा आणि त्यावरील तोडगे

फीडला मर्यादा आहेत आणि त्या लक्षात घेऊनच तिचा वापर व्हायला हवा. अनेक प्रकाशक जाहिरातींच्या उत्पन्नासाठी फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पूर्ण लेखासाठी वाचकाला मूळ पानावर नेतात. त्यांच्या उपजीविकेचा विचार करता हे गैर म्हणता येत नाही. बहुतेक मोठी समाजमाध्यमे वाचक बाहेर जाऊ नये म्हणून फीड देत नाहीत, मास्टोडॉनसारखे मुक्त माध्यम त्याला अपवाद असून तेथे प्रत्येक सार्वजनिक खात्याची आरएसएस फीड मिळते. खासगीपणाच्या बाबतीत फीड ई-मेलपेक्षा सरस असली तरी ती संपूर्ण निनावी नसते. रीडर स्वतःच्या यंत्रावर चालत असेल तर चौकशी करणाऱ्या यंत्राचा इंटरनेट-पत्ता संकेतस्थळाला दिसतो, आणि रीडर ही इंटरनेटवरील सेवा असेल तर वाचक काय वाचतो हे त्या सेवेला कळते. शिवाय फीड आपल्या यादीबाहेरचे काही सुचवत नाही. नवा लेखक शोधण्याचे काम वाचकालाच करावे लागते, आणि ते उत्तम लेखांतील दुव्यांतून, जाणकारांच्या शिफारशींतून आणि नियतकालिकांतून होत राहते.

मराठी प्रकाशकांचे कर्तव्य

मराठीतील सकस लेखनाचा मोठा भाग आज लहान संकेतस्थळांवर आहे. त्यांच्यामागे भांडवल नसते, जाहिरातीचे बळ नसते आणि रोज काहीतरी प्रसिद्ध करून अल्गोरिदमची मर्जी राखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. दोन महिने खपून लिहिलेला एखाद्या किल्ल्यावरील किंवा बोलीवरील लेख या स्पर्धेत दुपारच्या गमतीदार चित्रफितीपुढे हरतो. फीडच्या यादीत मात्र तोच लेख, त्याच आकाराच्या ओळीत, वाचकाने निवडला म्हणून समोर येतो आणि वाचला जाईपर्यंत तेथेच थांबतो. संथपणे आणि जीव ओतून लिहिणाऱ्यांना याहून न्याय्य वितरण-व्यवस्था अद्याप दुसरी मिळालेली नाही.

तिचा लाभ व्हावा यासाठी मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्या संपादकांनी आणि संस्थांनी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. संकेतस्थळाची नवी बांधणी करताना फीड चालू आहे ना, याची खातरजमा करावी आणि जुना पत्ता बदलल्यास तो नव्याकडे वळवावा, अन्यथा जुने वाचक न कळत तुटतात. पानाच्या तळाशी नारिंगी खूण पुन्हा लावावी आणि ती कशासाठी आहे हे दोन ओळींत मराठीत सांगावे. विषयवार फीड द्याव्यात, आणि जेथे जाहिरातींचा प्रश्न नाही अशा विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी, साहित्यसंस्थांनी व शासकीय विभागांनी फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यावा. महाविद्यालयांतील ग्रंथपालांनी विद्यार्थ्यांना शोधनिबंधांच्या सूची वापरायला शिकवताना फीडही शिकवावी, कारण तासाभरात आत्मसात होणारे हे कौशल्य पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. वाचकाने काय वाचावे हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे परत येण्यासाठी नव्या शोधाची किंवा खर्चाची गरज नाही; आठ-दहा पत्त्यांची एक यादी तेवढी त्याने स्वतः तयार करायला हवी.